पाचवं पान

मुंगीने फाईल माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी बूट काढत होतो. एक बूट पायात, एक हातात. पारदर्शक प्लास्टिकची फाईल, आत चार पानं, आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मथळा : 'लॅपटॉप, शाळेसाठी आणि गेमसाठी.' 'आणि गेमसाठी' हे शब्द तिने बारीक केले नव्हते, खालच्या ओळीत ढकलले नव्हते, तेवढ्याच जाड अक्षरांत लिहिले होते. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पंधरा वर्षांची मुलगी बापाकडे लॅपटॉप मागते तेव्हा ती शाळेचं नाव घेते. प्रकल्प आहे म्हणते, वर्गात माझ्या एकटीकडेच नाही म्हणते, मोबाइलवर टाइप करून बोटं दुखतात म्हणते. गेमचं नाव निघतच नाही. ते बापाने ओळखायचं आणि ओळखूनही गप्प बसायचं, असं सगळ्या घरांतून चालतं. आणि ही बया सरळ लिहून मोकळी. "सावकाश वाच," ती म्हणाली, "घाई नाही." मग पाण्याचा पेला भरून आणला, माझ्यासमोर ठेवला आणि आपल्या खोलीत गेली. पाणीसुद्धा! मी तो पेला बराच वेळ उचलला नाही.

कुणाला हा वेडेपणा वाटेल. वाटू दे. मी विमा कंपन्यांसाठी नुकसान तपासतो. कुणाचं गोदाम जळलं, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, कुणाचं यंत्र आपटून मोडलं, की कंपनी मला पाठवते. खरंच जळलं का, जळलं तर किती, आणि आपोआप जळलं की कुणी जाळलं, हे बघून मी लिहून देतो. एकवीस वर्षं हेच. ओल्या पुठ्ठ्याचा आणि जळक्या रबराचा वास माझ्या कोटातून जात नाही असं बायको म्हणते. या कामात मी पहिल्यांदा शिकलो ते हे, की जो माणूस न विचारता एक छोटी चूक कबूल करतो, त्याच्याकडे जरा जास्त वेळ बसायचं. 'साहेब, खरं सांगतो, आग विझवायचं नळकांडं जुनं झालं होतं, माझीच चूक.' असं कुणी म्हणालं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. लहान गोष्ट पुढे करून मोठी मागे सरकवतात. दुसरं शिकलो ते हे, की खऱ्या माणसाचे कागद कधी पूर्ण नसतात. ज्याचं खरोखर गेलेलं असतं त्याला पावत्या सापडत नाहीत, तारखा आठवत नाहीत, तो एकदा मंगळवार म्हणतो आणि एकदा बुधवार. मुंगीच्या फाईलमध्ये मंगळवार-बुधवार काही नव्हतंच. सहा लॅपटॉप होते. प्रत्येकाचं वजन, बॅटरी किती तास, ग्राफिक्स कार्ड कोणतं, पंख्याचा आवाज किती, शाळेच्या कुठल्या विषयाला काय लागतं, कुठला गेम कशावर चालतो, आठवड्यात किती तास अभ्यास आणि किती तास खेळ. शेवटी तिची निवड : सगळ्यांत जड, सगळ्यांत कमी बॅटरीचा, मोठ्या स्क्रीनचा एक काळा ठोकळा. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडे घातलेले. पाचपैकी एक, पाचपैकी दोन, तीन, चार. पाचवं पान फाईलमध्ये नव्हतं.

बायकोला मी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात गाठलं. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तात साखर शोधते आणि घरी येऊन कुणावरही विश्वास ठेवते, हे मला लग्न झाल्यापासून कोडं आहे. "पाचवं पान नाहीये," मी म्हणालो. "मग?" ती कांदा चिरत होती. "मग म्हणजे? पाचपैकी चार लिहिलंय. पाचवं कुठे गेलं?" "अरे, चुकून राहिलं असेल. विचार तिला." "विचारायचं नसतं." "का नसतं?" आता हे तिला काय सांगणार? सरळ विचारलं की समोरचा सावध होतो. मी एकच गोष्ट तीन वेळा विचारतो, तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या बाजूंनी, आणि मधे इकडचं तिकडचं बोलतो. खरं बोलणाऱ्याचं उत्तर दर वेळी थोडं बदलतं, खोटं बोलणाऱ्याचं शब्दन् शब्द तेच येतं. बायकोने सुरी खाली ठेवली आणि डोळे मनगटाने पुसले. कांद्यामुळेच. "ती तुझी मुलगी आहे," ती म्हणाली, "जळलेलं गोदाम नाही." मी म्हणालो, मला माहीत आहे. ती म्हणाली, "बघ बाबा."

तर मी विचारलं. शनिवारी नाश्त्याला : "एवढा जड कशाला गं? खांदा मोडेल शाळेत नेताना." "शाळेत न्यायचाच नाहीये. घरीच राहील." सोमवारी, तिला क्लासला सोडताना, सिग्नलला थांबलो असताना : "तो पातळ, चंदेरी किती छान आहे. तुझ्या आईलाही आवडला." "त्यावर गेम नीट चालत नाहीत. आणि मला जडच हवाय, घरीच राहील." बुधवारी, तिच्या खोलीच्या दारात उभा राहून : "बॅटरी फारच कमी आहे त्याची, नाही का?" तिने वहीतून मान वर केली. "प्लगला लावूनच ठेवायचा, बाबा. घरीच राहील." घरीच राहील, घरीच राहील, घरीच राहील. शब्दन् शब्द तेच. मी दार लोटून घेतलं, मग वाटलं लोटून का घेतलं, म्हणून परत उघडं केलं. ती बघत होती.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मुंगी शाळेतून आली की सांगायला सुरुवात करायची आणि ती सुरुवात नेहमी मधूनच असायची. '...आणि मग ती पडलीच ना!' कोण पडली, कुठे पडली, आपणच विचारत बसायचं. शेवट आधी, सुरुवात नंतर, मधेच तिसऱ्याच मुलीच्या कुत्र्याची गोष्ट. मी बूट काढेपर्यंत तिचं निम्मं बोलून झालेलं असायचं आणि मला काही म्हणजे काही कळलेलं नसायचं. सारखी इकडून तिकडे काहीतरी वाहून नेत असायची, बिस्किटाचा तुकडा, माझ्या टेबलावरची पेन्सिल, बातम्या, म्हणून मुंगी. मग ती दहा वर्षांची असताना रंगपेटीचं प्रकरण झालं. नवी कोरी रंगपेटी, बसमध्ये राहिली म्हणाली. कुठल्या सीटवर, मी विचारलं. खिडकीच्या. दोन दिवसांनी सहज विचारलं, बाजूला कोण बसलं होतं? कुणी नाही, मी उभी होते. उभी होतीस, तर खिडकीची सीट कशी? मला आठवतं, तिचा खालचा ओठ कसा आत गेला. तिसऱ्या दिवशी सगळं बाहेर आलं. वर्गातल्या एका मुलीकडे रंग नव्हते, बाई तिला उभं करायच्या, म्हणून हिने आपली पेटी देऊन टाकली आणि घरी रागावतील म्हणून बसचं नाव घेतलं. मी रागावलो नाही. शपथेवर सांगतो, एक शब्द रागावलो नाही. मला तर आनंदच झाला होता. तीन प्रश्नांत पकडलं म्हणून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती गोष्ट मी रंगवून सांगितली आणि सगळे हसले. त्यानंतर मुंगीचं बोलणं सुधारलं. म्हणजे सुरुवात आधी येऊ लागली, मधलं मधे, आणि शेवटी पुरावा. 'आज उशीर झाला कारण गाडी बिघडली, हा बाईंचा मेसेज.' मला वाटलं, मोठी झाली. कौतुकही वाटलं.

गुरुवारी काम लवकर आटपलं. खोटं कशाला बोलू, लवकर आटपवलं. फाईलवर ज्या दुकानाचं नाव होतं तिथे गेलो. लांबलचक टेबलांवर लॅपटॉप तोंड उघडून ओळीने बसवलेले, आणि सगळ्यांच्या पडद्यांवर एकच डोंगर. विक्रेता पन्नाशीचा, टाय लावलेला, पूर्वी फ्रीज विकायचा असं त्याने स्वतःहूनच सांगितलं. "फ्रीज बरे होते, साहेब. दार उघडून दाखवलं की काम झालं. ह्यात काय दाखवायचं?" मी फाईल काढली. त्याने वरच्या पानावरचं अक्षर पाहिलं मात्र, चेहरा खुलला. "ही मुलगी! तीनदा येऊन गेली की. एकटीच. फार शांत." मी कान टवकारले. काय विचारत होती? "आवाज विचारला, वजन विचारलं. आणि हो, एक गंमत. ते बाजूने कितपत दिसतं, ते बघत होती." म्हणजे? "म्हणजे समोर बसून नाही. मला म्हणाली, काका, स्क्रीन जरा तिकडे वळवा. मग आपण त्या खांबापाशी जाऊन उभी राहिली, मग खुर्ची मागून घेतली आणि बसून बघितलं. कुठला बाजूने दिसतो, कुठला काळा पडतो, सगळं वहीत उतरवलं. एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक नाही बघितलं. फ्रीजलासुद्धा." तो हसला. मला घाम फुटला. दुकानात वातानुकूलन होतं, गार वारा थेट मानेवर येत होता आणि मला घाम फुटला. बाजूने कितपत दिसतं. म्हणजे बाजूच्या माणसाला काय दिसतं. आमच्या घरात बाजूचा माणूस कोण?

लॅपटॉपची भीती मला नव्हती, गेमचीही नव्हती. खेळू दे की, आम्ही काय कमी उनाडक्या केल्या? भीती होती ती एवढीच, की तिच्या आयुष्यात असं काहीतरी आलंय जे ती माझ्यापासून पद्धतशीर लपवते आहे. कुणीतरी. हेडफोनमधून बोलणारं, मला न दिसणारं कुणीतरी. रोज पेपरात वाचतो आपण. आणि त्याच्याही खाली एक भीती होती, जी मी कुणापाशी बोललो नसतो. ती आपणहून मला काही सांगेल, असे दिवस बहुधा संपले होते. माझी मुलगी माझ्या हातातून निसटत होती आणि मी तिच्या मागे धावत होतो. धावायची मला एकच पद्धत येत होती.

शुक्रवारी दुपारी मी घरी आलो. घरात कुणी नव्हतं. दुपारच्या वेळी आपलंच घर किती परकं वाटतं. फ्रीजचा घुरघुराट, नळाचा एक थेंब, सोफ्यावर पडलेला उन्हाचा चौकोन, जो त्या वेळी तिथे असतो हेच मला माहीत नव्हतं. मी दारातच बूट काढले. का काढले, तर आवाज होऊ नये म्हणून. आपल्याच घरात! तिच्या खोलीत पलंग नीट आवरलेला होता, खुर्ची टेबलाला भिडवलेली. प्लगची जागा मी आधी पाहिली. ती पलंगाच्या मागे, भिंतीकडे. बरोबर, मी म्हटलं, कोपऱ्यात तोंड करून बसायला छान. मग खण उघडला. वरच्या खणात पेनं, खोडरबरं, रबरबँडचा एक गोळा. खालच्या खणात वह्या, आणि गणिताच्या वहीत घडी घातलेला कागद. पाचपैकी पाच.

तो नकाशा होता. आमच्या हॉलचा. मी कुठल्याही जागेवर गेलो की आधी तिथला नकाशा काढतो. दारं, खिडक्या, कपाटं, आग कुठून सुरू झाली, माणूस कुठे उभा होता आणि तिथून त्याला काय दिसलं असेल. दिसण्याच्या रेषा मी बाणांनी दाखवतो, तुटक रेघांचे बाण, टोकाशी अंशांचा आकडा. मुंगीने अगदी तसंच काढलं होतं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून बघायची, तिथूनच उचललं असणार. हॉलची खिडकी, पुस्तकांचं कपाट, जेवणाचं टेबल, माझी खुर्ची. खुर्चीवर लिहिलं होतं 'बाबा'. खुर्चीपासून निघालेले तीन बाण टेबलाच्या तीन बाजूंना जात होते. दोन बाणांवर फुली होती. एक तसाच ठेवलेला, त्याच्या टोकाशी गोल, आणि गोलात लिहिलेलं 'मी'. खाली तीन लॅपटॉपची नावं आणि प्रत्येकापुढे अंश. मला कळायला वेळ लागला नाही. असे नकाशे मी शेकड्यांनी वाचलेत. चोरी झालेल्या गोदामात पहारेकऱ्याच्या खुर्चीवरून काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे चोर आधी असंच बघून ठेवतो. मी पहारेकरी होतो. ती माझ्या नजरेतली आंधळी जागा मोजत होती. सवय वाईट. खिशातली टेप काढली, कागदाच्या कडेला लावली, म्हणजे फोटोत माप येतं, आणि मोबाइलवर तीन फोटो काढले. एक पूर्ण, दोन जवळून. कागदाची घडी होती तशी घातली. वही होती तशी ठेवली. मग बूट घालून परत कामावर गेलो आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी आलो. मुंगी म्हणाली, "आज ऊन फार होतं ना?" मी म्हणालो, "हो." आणि ती असं का म्हणाली, याचा विचार मी जेवण संपेपर्यंत करत राहिलो.

मला त्या आठवड्यात सारखी शिवणकामवाल्या बाईंची आठवण येत होती, का कोण जाणे. सात-आठ वर्षं झाली. वरच्या मजल्यावरचा नळ फुटून त्यांचं दुकान पाण्याखाली गेलं होतं. त्यांनी यादी दिली, त्यात बटणंसुद्धा मोजलेली. पांढरी चार भोकांची तीनशे बारा, करडी दोन भोकांची शहाण्णव. मी म्हटलं, बाई, पाण्यात गेलेली बटणं कोण मोजतं? त्या म्हणाल्या, मी रोजच मोजते. मी लिहून दिलं, यादी संशयास्पद वाटते, आणखी चौकशी व्हावी. चौकशी अकरा महिने चालली. पुढे त्या रस्त्याने जाताना पाहिलं, दुकानाला दुसरीच पाटी होती. शेजारचा चप्पलवाला म्हणाला, बाई खरंच रोज संध्याकाळी बटणं मोजायच्या, आम्ही हसायचो त्यांना. मी त्याच्याकडून उगाच एक बुटाची नाडी विकत घेतली आणि निघालो. ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली नाही.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. मी सगळं ठरवून गेलो होतो. घरी विचारलं की माणूस रडतो, दार लावून घेतो. चार लोकांत विचारलं की बोलावं लागतं. त्या टायवाल्याने आमच्यापुढे तीन लॅपटॉप मांडले. बायको चंदेरीवरून हात फिरवत म्हणाली, "हा किती हलका आहे गं." मुंगी काळ्या ठोकळ्यापाशी उभी होती, दोन्ही हात मागे. मी म्हणालो, "हाच का, ते सांग ना आईला." ती म्हणाली, "सांगितलंय. फाईलमध्ये आहे." "फाईलमध्ये चारच पानं आहेत." मी पुढे रेटलं. "बाजूने दिसत नाही असा हवाय ना तुला?" बायकोचा हात चंदेरीवर थांबला. विक्रेता एकाएकी कळफलक पुसायला लागला. "कोण म्हणालं असं?" मुंगीने विचारलं. आणि मी मोबाइल काढला, फोटो उघडला आणि तिच्यासमोर धरला. या क्षणी लोकांचा चेहरा उतरतो. एकवीस वर्षं मी तो उतरताना बघत आलोय, आणि आता खरं सांगायचं तर तो बघण्यासाठीच माझा हात पुढे झाला होता.

तिने आधी नकाशा बघितलाच नाही. तिने टेप बघितली. "टेप ठेवलीस बाजूला," ती म्हणाली. "मापासाठी," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून गेले, आणि विक्रेत्यानेही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मुंगीचा चेहरा उतरला नाही. तिने बोट पुढे केलं आणि शाळेत फळ्यावर समजावतात तसं हळूहळू सांगितलं. "ही तुझी खुर्ची. इथे बसले तर मधे कपाट येतं, तुला दिसत नाही, म्हणून फुली. इथे खिडकीचा उजेड पडतो, तुला दिसत नाही, म्हणून फुली. इथून दिसतं. मी इथे बसणार आहे. हा बाजूनेही नीट दिसतो, बाकीचे काळे पडतात. आणि हा जड आहे, म्हणजे उचलून खोलीत नेला असं तुला वाटणार नाही." दुकानाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी गाण्याचा आवाज मोठा करून लगेच बंद केला. "मग पान काढून का घेतलंस?" मी विचारलं. "तुला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली, "माझ्यावर नजर ठेवायला सोपं जावं म्हणून मी लॅपटॉप निवडला, असं वाचून."

आणि आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातंय. तिचं बोलणं संपलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की उत्तर चोख आहे, जरा जास्तच चोख. ती समोर उभी होती, पंधरा वर्षांची, डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि मी तिच्या उत्तराला वरून खालून ठोकून बघत होतो. अर्धा क्षण असेल. मग मला स्वतःची अशी लाज वाटली की मी खुर्चीच शोधायला लागलो. माझ्या मुलीने मला जिंकण्याचा विचारच सोडून दिला होता. तिने मला आहे तसं गृहीत धरलं होतं, आणि माझ्यासकट जगता यावं अशी घरातली एक जागा शोधून काढली होती. बायको हलक्या आवाजात म्हणाली, "तिच्या खणात गेलास तू?" मी मान डोलावली. तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला, त्याचा पडदा बंद केला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. विक्रेता खाकरला. "तर मग," तो म्हणाला, "काळाच करू या का?" "हो काका," मुंगी म्हणाली, "काळाच."

घरी आल्यावर तिने खोका स्वतः उघडला, थर्माकोल वेगळा, तारा वेगळ्या, आणि ठोकळा जेवणाच्या टेबलावर नकाशातल्या जागी ठेवला. मी म्हणालो, "खोलीत ने ना. मी उचलून देतो." "नको, इथेच बरं आहे." "प्लग मी पलंगाच्या मागून पुढे काढून देतो. इलेक्ट्रिशियनला सांगतो." "बाबा, खरंच नको." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो, ती काहीतरी बोलली असती, दोन दिवस अबोला झाला असता आणि सगळं सुरळीत झालं असतं. ती नुसती समजूतदार होती. बायको भाज्या निवडत होती. मी खुर्ची उचलून खिडकीकडे वळवावी असं मनात आलं, पण तेही दाखवण्यासाठी केल्यासारखं झालं असतं, म्हणून बसून राहिलो आणि पेपर उघडून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पाऊण तास तिने शाळेचं काहीतरी लिहिलं. मला दिसत होतं. अगदी नीट दिसत होतं, तिने मोजलं होतं तसं. नदीच्या प्रदूषणावर निबंध होता. मग तिने हेडफोन घातले आणि स्क्रीनवर एक किल्ल्यासारखं काहीतरी आलं, चिलखत घातलेली माणसं पळू लागली, आणि ती कुणाशी तरी बोलायला लागली, "अगं डावीकडे, डावीकडे, अगं बाई तुला डावं-उजवं कळत नाही का!" आणि मग ती हसली. खदखदून, खांदे हलवून, कित्येक महिन्यांत मी ऐकलं नव्हतं असं.

"काय गं?" मी म्हणालो. खरोखर फक्त जाणून घ्यायचं होतं. तिचं हसू लगेच थांबलं. तिने हेडफोन काढून गळ्यात ठेवले, "एक मिनिट हं," असं तिकडच्या मुलीला सांगितलं आणि माझ्याकडे वळून बोलायला लागली. "माझ्या वर्गातली आहे. पहिल्या बाकावर बसते. तिची आई दातांची डॉक्टर आहे, आईला माहीत आहे. आम्ही दोघीच खेळतोय, तिसरं कुणी नाही. ती तिथे अडकलीय म्हणून हसले." एका दमात. सुरुवात, मध्य, पुरावा. मग तिने दोन्ही हातांनी तो जड ठोकळा उचलून माझ्याकडे वळवला, मला उठावं लागू नये म्हणून. स्क्रीनवर एक चिलखतवाला शिपाई टेबल आणि भिंत यांच्या फटीत अडकून जागच्या जागी धावत होता आणि दुसरा त्याच्या डोक्यावर उड्या मारत होता. मी बघितलं. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळेना. कोण अडकलं, कसं अडकलं, डावीकडे काय होतं, याआधी काय झालं, मला कशाचाच पत्ता नव्हता. पण ती वाट बघत होती आणि मी हसलो. जरा मोठ्यानेच हसलो.

मुंगी माझ्याकडे बघत राहिली. "खरंच हसू आलं तुला?" तिने विचारलं.

"हो तर," मी म्हणालो.

ते खोटं होतं, आणि तिला ते कळलं. चेहऱ्यावरून कळलं की आवाजावरून, मला माहीत नाही, पण कळलं हे मी बघितलं. पेपर माझ्या मांडीवरून घसरला, तो मी धरला नाही. मी तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. तो आला नाही. "बरं," ती म्हणाली, आणि मला नीट दिसावं म्हणून तिने स्क्रीन आणखी थोडी माझ्याकडे वळवली.